खोकायला लावणारी रुइफेनताई

आमच्या हॉस्पिटलच्या सहाव्या मजल्यावर पेशंटच्या उशाशी रोजावर बसणाऱ्या आम्ही अकरा मावश्या. त्यातली जिच्यासाठी लोक ताटकळत उभे राहायचे अशी एकच, दुआन रुइफेन. मीही तेच काम करते, वीस वर्षं झाली, माझं नाव छुनशिया. पण माझ्यासाठी कधी कुत्रं थांबलं नाही. खोटं कशाला बोलू, पहिली दोन-तीन वर्षं तिचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नंतर एका हिवाळ्यात माझ्या पेशंटला धाप लागली, मी घाबरून नुसती हातपाय गाळून उभी, आणि हिने शेजारच्या खाटेवरून येऊन त्याला बसता केला, कफ मोकळा केला आणि मला म्हणाली, "रडू नकोस, तोंड धुऊन ये." त्या दिवसापासून ती माझी ताई.

सहावा मजला म्हणजे छातीची आणि पोटाची ऑपरेशनं. भूल दिली की माणूस झोपतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याबरोबर त्याची फुप्फुसंही सुस्तावतात, हे कोणाच्या ध्यानात नसतं. घशात तासन्‌तास नळी, वर आडवा पडलेला. सगळा कफ खाली जाऊन साठतो. शुद्धीवर आला की टाके ओढतात, म्हणून तो मोठा श्वास घेत नाही आणि खोकायचं तर नावच नको. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप. पेशंट म्हातारा असेल, सिगारेट ओढणारा असेल, छाती उघडून चार-पाच तास चाललेलं ऑपरेशन असेल, वर आधीची सर्दी असेल, तर मग विचारायलाच नको. सर्जन म्हणतात, ऑपरेशन झकास झालं. आणि माणूस जातो न्यूमोनियाने.

आणि नातेवाईक! आमच्या शान्शी प्रांतात घराघरांत एक पक्कं बसलेलं आहे, की कापलेल्या माणसाची शक्ती वाहून जाते, त्याला हलवायचं नाही. मग काय, दोन-दोन रजया, खिडक्या बंद, अंगावर वाऱ्याची झुळूक नाही, वर दर तासाला सुक्या लाल बोरांचं पाणी. रुइफेनताई आली की पहिली रजई उडायची.

"उठवा त्यांना. मेलेत का ते, असं आडवं घालून ठेवलंय?"

"अहो मावशी, आजच तर कापलंय..."

"म्हणूनच म्हणते. धरा तिकडून."

मग ती तळहात पोकळ करायची, पाणी प्यायला ओंजळ करतो तसा, आणि पाठीवर खालून वर थापटत जायची. तो आवाज आमच्या अख्ख्या मजल्याला पाठ. पेशंट शिव्या घालायचा, कण्हायचा, आणि ही त्याच्या टाक्यांवर उशी दाबून धरून म्हणायची, "खोक. लाजतोस काय, सासरी आलायस? खोक म्हणते ना!" शेवटी तो खोकायचा आणि तो हिरवा-पिवळा गोळा बाहेर पडला की ही असा चेहरा करायची जसा काही नातू झालाय. ऑपरेशनच्या आधी ती पेशंटला फुगे फुगवायला लावायची, दिवसातून तीन वेळा दात घासायला लावायची. तोंडातली घाणच नळीवाटे खाली उतरते, म्हणायची. जत्रेत फुगे विकतात त्या बाईकडून ती ते मूठभर फुगे आणायची. सत्तरीचे म्हातारे खाटांवर बसून लाल-निळे फुगे फुगवतायत, असा आमचा वॉर्ड.

तिला मागणी असायची ती दुसऱ्या एका गोष्टीसाठीही. तिचं तोंड बंद असायचं.

आमच्याकडे कॅन्सर झालेल्याला कॅन्सर झालाय असं सांगत नाहीत. मुलाला सांगतात, जावयाला सांगतात, गल्लीतल्या न्हाव्यालाही कळतं, फक्त ज्याचं पोट त्याला नाही. डॉक्टरसुद्धा घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात. पेशंटला म्हणायचं, अल्सर आहे, गाठ आहे साधी, काढून टाकू. रुइफेनताई यात पटाईत. पेशंटने हात धरून विचारलं, "मावशी, तू तरी खरं सांग," की ही डोळ्यांची पापणी न हलवता म्हणायची, "तुझ्यापेक्षा मोठा अल्सर माझ्या सासऱ्याला होता, नव्वदीला गेला." तिचा सासरा पन्नाशीत गेलेला. या खोटं बोलण्याला कारणही होतं. पूर्वी एकदा एका शाळामास्तरला नर्सच्या तोंडून चुकून कळलं, तर त्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. घास घेतला नाही. सोळा दिवसांत संपला. ताईच तेव्हा त्याच्या उशाशी होती. तिने तेव्हापासून मनाशी धरलं, की हा रोग मारायच्या आधी शब्द मारतो.

पण एका माणसाशी ती कधी खोटं बोलली नाही. भूल देणाऱ्या यिन डॉक्टर. पस्तिशीची बारीक बाई, आवाज एवढासा, पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी येऊन प्रत्येक खाटेपाशी तेच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारणार. सिगारेट कधी सोडली? सर्दी, ताप? कफ पडतो का, कोणत्या रंगाचा? जिना चढताना दम लागतो? पेशंट आणि नातेवाईक सर्रास ठोकून द्यायचे, कारण ऑपरेशन पुढे गेलं तर सोन्यासारखी मिळालेली खाट जायची. यिन डॉक्टर मान डोलवायच्या आणि बाहेर पडताना रुइफेनताईकडे बघायच्या. ताई म्हणायची, "चौदा नंबर सकाळी जिन्यात ओढत होता." झालं, चौदा नंबर तीन आठवडे घरी. लोक ताईला चहाडखोर म्हणायचे. ती म्हणायची, "म्हणू दे. जिवंत राहून म्हणतायत ना?"

तीन वर्षांपूर्वी, मक्याची कणसं सोलून दारोदारी टांगली जातात त्या दिवसांत, तिच्या नवऱ्याला घास अडकायला लागला.

हाओ युलिन त्याचं नाव. थंडीत सगळ्या शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या भट्टीवर त्याने एकतीस वर्षं कोळसा ओढला. सहासष्ट वर्षांचा, खांद्याने रुंद, तोंडात सात दात आणि सदा एक सिगारेट. मी त्याला दादा म्हणायची. थट्टेखोर एवढा की बायकोला वॉर्डात न्यायला यायचा तेव्हा दारातूनच ओरडायचा, "माझी म्हातारी कोणाला बडवतेय?" आधी त्याला वाफवलेला पाव गिळताना अडकायचा, मग शेवया, मग राळ्याची पेजसुद्धा हळूहळू. ताईने त्याला ओढत आणून दुर्बिणीने तपासणी करवली. अन्ननलिकेचा कॅन्सर. लवकर सापडलेला, कापून काढण्यासारखा. ऑपरेशनची तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची.

त्यांची एकुलती मुलगी मिन्येन, तायुआनला नोकरी करते. ती रात्रीच्या गाडीने आली आणि हॉस्पिटलच्या आवारात आईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आई, बाबांना कळता कामा नये. शपथ घे माझी. ते खचतील."

"नाही सांगणार गं. माझं तर कामच ते."

युलिनदादाला सांगितलं, नळीत एक गाठ आहे, साधी, काढली की झालं. तो हसला. "एवढंच? मला वाटलं, काय झालंय."

इथेच सगळं घोडं अडलं. ताई म्हणाली, सिगारेट बंद, आजपासून. तो म्हणाला, "एका फोडासाठी मी पंचेचाळीस वर्षांची सोबत सोडू?" तिने पाकिटं लपवली, फाडली, चुलीत घातली. तो पुलाखाली बुद्धिबळ खेळायला जायचा, तिथे चार जण त्याच्यापुढे सिगारेट धरायचे. आमच्याकडे पुढे केलेली सिगारेट नाकारणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. "डॉक्टरने सांगितलंय" म्हणावं तर पुढचा विचारणार, "का रे, काय झालंय?" आणि हा सांगणार, "काही नाही, साधी गाठ." मग घे की! तो घ्यायचा. फुगा फुगवायला दिला तर अर्धा फुगवून सोडून द्यायचा आणि तो खोलीभर फुर्रकन फिरला की टाळ्या पिटायचा. "सात दात, दिवसातून तीनदा? अगं, प्रत्येकाचं नाव ठेवू का?"

ताई रडायची नाही, पण मला ते दिवस आठवतात. आमच्या मजल्यावर गरम पाण्याची टाकी असते, थर्मास भरायला आम्ही तिथे जमतो. एकदा ती थर्मास नळाखाली धरून उभी राहिली, थर्मास भरून वाहायला लागला तरी तिला पत्ता नाही.

"छुनशिया, सांगून टाकू का गं त्याला?"

मी काय म्हणाले असेन? मी, जिला एरवी सगळ्यांच्या चुका दिसतात? मी म्हणाले, "वेडी झालीस? मास्तर आठवतोय ना? महिनाभर ओढेल अजून, त्याने काय होतंय, गाठ तर निघणारच आहे. माणसाचं मन मोडू नकोस." तिने नळ बंद केला. तिला ठाऊक होतं त्याने काय होतं. अख्ख्या मजल्यावर डॉक्टरांखालोखाल तिलाच ठाऊक होतं. तरी ती "बरं" म्हणाली. ते "बरं" माझ्या छातीवर बसलंय, अजून उतरलेलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी यिन डॉक्टर आल्या. दादा खाटेवर मांडी घालून बसलेला, मिन्येन संत्रं सोलत होती, मी समोरच्या खाटेपाशी.

"काका, सिगारेट कधी सोडली?"

"महिना झाला." छातीवर हात ठेवून म्हणाला, बदमाश.

"कफ?"

"आहे थोडा. भट्टीवरचा आहे, जुना."

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे रुइफेनताईकडे पाहिलं. ताईचा नवरा आहे म्हणून आणखीच विश्वासाने पाहिलं. सकाळी सहा वाजता दादा कपडे सुकवायच्या गच्चीत दोन सिगारेटी ओढून आला होता. त्याचा कफ आठवडाभर पिवळा पडत होता. ताईने ते डोळ्यांनी पाहिलेलं, मीही पाहिलेलं.

मिन्येनचा हात संत्र्यावर थांबला. ऑपरेशन पुढे गेलं असतं तर बाप विचारणार होता, साध्या गाठीसाठी एवढी भानगड कशाला? शिवाय पोरीला वाटत होतं, रोग रोज पसरतोय. ताईने एकदा मुलीकडे पाहिलं.

"हो डॉक्टर," ती म्हणाली. "महिना झाला."

मीही मूग गिळून बसले.

साडेपाच तास ऑपरेशन चाललं. गाठ पूर्ण निघाली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "छान झालं," आणि मिन्येन भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. तिसऱ्या दिवशी दादाला आमच्या वॉर्डात आणलं. ताईने दुसरी सगळी कामं सोडली. तिचा तो हात त्याच्या पाठीवर पडायला लागला आणि मला पहिल्यांदा त्या हाताचा आवाज ऐकवेना.

तो खोकेना. "दुखतंय गं! साधी गाठ म्हणालात आणि मला इकडून तिकडे फाडलंत. आता पडू दे ना म्हाताऱ्याला निवांत. चार दिवसांनी खोकतो."

"चार दिवसांनी नाही. आत्ता."

"तू आणि तुझं ते खोकणं! बाहेरच्या लोकांना बडव जा."

ती विनवायची, चिडायची, उशी दाबून धरायची. तो हलकंच घसा खाकरल्यासारखं करायचा आणि डोळे मिटायचा. त्याचं तरी काय चुकलं? एका फोडासाठी कोण एवढी मरणाची कळ सोसेल? चौथ्या दिवशी संध्याकाळी ताप चढला, एकोणचाळीस अंश सेल्सियस. छातीच्या एक्स-रे फोटोत उजवं फुप्फुस खालून पांढरं.

पाचव्या दिवशी दुपारी मिन्येन अंघोळीला आणि जरा पाठ टेकायला आत्याकडे गेली. ताईने तिच्या मागे दार लावून घेतलं. मी आतच होते, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू थांब." आणि त्याच्या कानापाशी वाकली नाही, कुजबुजली नाही, समोर बसून म्हणाली,

"युलिन, ऐक. गाठ नव्हती. कॅन्सर होता. काढलाय, सगळा काढलाय. पण तुझ्या छातीत पू होतोय. तू खोकला नाहीस तर मरशील. मी तुला खोटं सांगितलं."

मला वाटलं, झालं, आता हा भिंतीकडे वळतो.

त्याने अंगावरचं पांघरूण ढकललं. मग म्हणाला, "उठव मला."

तिने उठवलं. उशी त्याने स्वतः छातीशी धरली. आणि तो खोकला. देवा, काय खोकला तो! टाक्यांतून घाम फुटल्यासारखा भिजला, ओठ चावून रक्त काढलं, पण थांबला नाही. गोळ्यामागून गोळा. ती थापटत होती, तो खोकत होता, आणि मधे दम खायला थांबला तेव्हा म्हणाला,

"म्हातारे, वेडी आहेस का तू? महिन्यापूर्वी सांगितलं असतंस तर त्याच दिवशी फेकली असती. तुझ्यासमोर फेकली असती."

ताईचा हात हवेतच थांबला.

"थापट," तो म्हणाला. "थांबू नकोस."

"माझं चुकलं रे."

"ते नंतर. आधी थापट. आणि मिन्येनला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. पोरीला वाईट वाटेल."

दोन दिवस तो माणूस भट्टीवर राबावा तसा राबला. दर तासाला उठवायला लावायचा. फुगा मागून घेतला, ओठांत धरून फुगवायचा, फुगेना तरी फुगवायचा. मुलगी आत आली की फुगा पाठीमागे लपवून म्हणायचा, "तुझी आई छळतेय मला." सातही दात घासायचा. मी वीस वर्षांत एवढा कष्टाळू पेशंट पाहिला नाही. त्याला एक महिना मिळाला असता ना, फक्त एक महिना, तर तो चालत घरी गेला असता. मी हे देवासमोर सांगेन.

पण उशीर झाला होता. सातव्या दिवशी श्वास पुरेना, खाली अतिदक्षता विभागात नेलं, घशात नळी घातली. मग तो बोलू शकला नाही. रुइफेनताईला तिथल्या नर्सेस ओळखतात, तिला थोडा वेळ आत सोडायच्या. ती त्याला कुशीवर वळवून थापटत बसायची. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी तिला सांगितलं, आता थांबा.

यिन डॉक्टर जिन्याशी उभ्या होत्या. ताई त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "डॉक्टर, मी खोटं बोलले. तो शेवटच्या दिवसापर्यंत ओढत होता. कफही पिवळा होता."

यिन डॉक्टर खोटं सांत्वन करणाऱ्यांतल्या नाहीत, तेवढ्यासाठी मला त्यांचा तेव्हा रागही आला. "मी तीन आठवडे थांबवलं असतं," त्या म्हणाल्या. "तेवढ्याने त्या गाठीत काही फरक पडला नसता." आणि मग, "माझंही चुकलं. मला छातीत ऐकू येत होतं. मी तुमच्याकडे बघून होकार दिला."

दोघी तिथेच पायरीवर बसल्या. डॉक्टर आणि मावशी, एका पायरीवर.

दादाला गावी नेलं, वडलांच्या शेजारी पुरायला. थंडी अशी की जमीन खणताना कुदळ टणटण वाजत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बाजेवर बसून सोनेरी कागदाच्या घड्या घालत होतो, वर गेलेल्याला पैसे म्हणून दफनाच्या वेळी जाळायच्या. मिन्येनचे डोळे सुजून बंद व्हायला आलेले. पोर एकीकडे घड्या घालते आणि एकीकडे बोलते.

"आई, मला सारखं वाटतं, आपण बरोबर केलं ना? मी तुला शपथ घातली..."

ताई घडी घालत होती.

"निदान एक तरी बरं झालं गं आई," मिन्येन म्हणाली, "बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. हसत गेले. तेवढं तरी आपण त्यांच्यासाठी केलं."

मी फटकळ बाई, आयुष्यात कधी गप्प बसले नाही, आणि जेव्हा जेव्हा बसले तेव्हा नको तिथे बसले. मी तोंड उघडलंच होतं. रुइफेनताईने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला.

"हो बाळा," ती मुलीला म्हणाली. "काही म्हणजे काही कळलं नाही त्यांना. तू रडू नकोस."